कुटुंबाच्या एसयूव्हीसाठी पेट्रोल की डिझेल: निर्णय फेरीच्या लांबीवर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे, त्यांत दोन ज्येष्ठ. मुलांची शाळा आणि त्याच वाटेवरचे कार्यालय मिळून रोज साधारण ६ किलोमीटरच्या चार फेऱ्या होतात. महिन्यातून एकदा २०० किलोमीटरवरच्या नातेवाइकांकडे जाणे-येणे असते आणि त्या वाटेवर एक मोठा घाट लागतो. गाडी आठ ते दहा वर्षे वापरायची आहे. विक्रेता डिझेलचा आग्रह धरतो आहे, मित्र पेट्रोल घ्या म्हणतात, आणि दोघांचीही कारणे ऐकताना पटतात. गेली चोवीस वर्षे मी इंजिनदुरुस्तीच्या कामात आहे आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे डिझेल इंजिने उघडण्यात गेली आहेत. डिझेल इंजिनावर माझा जीव आहे, तरीही आपल्याला मी पेट्रोलच घ्या असे सांगणार आहे. त्यामागची कारणे सविस्तर मांडतो, कारण आपल्या परिस्थितीतली एखादी गोष्ट बदलली तर माझे उत्तरही उलटे होईल, आणि तसे केव्हा होईल हे आपले आपल्याला ओळखता आले पाहिजे.

रोजची धाव ५० किलोमीटरच्या वर असेल तर डिझेल, नसेल तर पेट्रोल, असा एक ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. पैशांच्या हिशेबापुरता तो ठीक आहे, पण इंजिनाच्या प्रकृतीबद्दल तो काहीच सांगत नाही. आपलेच आकडे पाहा. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर छोट्या फेऱ्या ८८ होतात आणि त्यांचे ५२८ किलोमीटर होतात. लांबच्या प्रवासाचे ४०० किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटर मोजले तर शहर आणि महामार्ग यांचा वाटा जवळजवळ सारखा दिसतो, पण फेऱ्या मोजल्या तर ८८ विरुद्ध २ असा हिशेब निघतो. इंजिन प्रत्येक फेरीला थंड अवस्थेतून सुरू होते, तापते आणि पुन्हा निवते, त्यामुळे त्याची झीज आणि काजळी समजून घ्यायची तर हा दुसरा हिशेबच पाहावा लागतो. वर्षाचे ११,००० किलोमीटर सहा-सहा किलोमीटरच्या तुकड्यांत झाले की दीडशे-दीडशेच्या, यावर त्याच इंजिनाचे आयुष्य पार वेगळे घडते.

याचे मूळ दोन इंजिनांच्या रचनेत आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. ते प्रमाण राखण्यासाठी, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असेल तेव्हा आत येणारी हवा थ्रॉटलच्या झडपेने अडवावी लागते, आणि त्या अडवलेल्या वाटेने हवा ओढून घेण्यात इंजिनाची काही शक्ती वाया जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नुसती हवा साधारण १५ ते १७ पट दाबली जाते, ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, आणि ताकद कमी-जास्त करायची असेल तर हवा न अडवता फक्त इंधन कमी-जास्त केले जाते. पेट्रोल इंजिनांत हे दाबाचे गुणोत्तर बहुधा १० ते १२ च्या आसपास असते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन चाचणीसाठी उभे केले तेव्हा त्याची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली होती आणि त्या काळी ही मोठी झेप होती. आजही कमी भाराने चालताना डिझेल कमी इंधन पिते ते याच मूळ रचनेमुळे.

पण जे इंजिन इंधनातली जास्त उष्णता कामाला लावते, त्याच्याकडे वाया जाणारी उष्णता कमी उरते, आणि म्हणून ते उशिरा तापते. डिझेलचे बळ आणि छोट्या फेरीतले त्याचे दुखणे ही एकाच गुणाची दोन रूपे आहेत. पेट्रोल इंजिन सहा-सात किलोमीटरांत बऱ्यापैकी तापते, त्याच वाटेवर डिझेलचे कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारे थंडाव्याचे पाणी, कोमटच असते, आणि इंजिन ऑइल तर कूलंटच्याही मागून तापते. आपल्या सहा किलोमीटरच्या फेरीत डिझेल इंजिन तापत येईल तोवर शाळेचे फाटक आलेले असेल. थंडीच्या दिवसांत याच कारणाने डिझेल गाडीचा हीटर उशिरा गरम हवा देतो. ज्येष्ठ माणसे गाडीत असतील तर हा मुद्दाही विचारात घ्यावा.

पूर्वी याने फारसे बिघडत नसे. घरातली वडील मंडळी सांगतात की त्यांची डिझेल गाडी पंधरा वर्षे काहीही न मागता चालली, आणि ते खरेच आहे, पण ते इंजिन आजच्यापेक्षा निराळे होते. धूर आणि काजळी ते सरळ सायलेन्सरमधून बाहेर टाकत असे. युरोपात २००९ पासून लागू झालेल्या युरो ५ या धुराच्या मानकांनी काजळीची मर्यादा इतकी खाली आणली की एक्झॉस्टमध्ये बारीक छिद्रांचा सिरॅमिक फिल्टर बसवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. त्यालाच डीपीएफ म्हणतात. २०१४ पासूनच्या युरो ६ मानकांनी डिझेल गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे १८० मिलिग्रॅमवरून ८० वर आणली आणि त्यासाठी आणखी एक रासायनिक यंत्रणा मागे जोडली गेली. पुढे इतर अनेक देशांनी याच धर्तीवर नियम केले. या यंत्रणा आवश्यक होत्या याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त त्यांनी डिझेल गाडीला एक अट घातली आहे: तिला अधूनमधून नीट तापू दिले पाहिजे.

डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जाळून टाकावी लागते. महामार्गावर लांब पल्ल्यात एक्झॉस्ट पुरेसा गरम असल्याने हे काम काही अंशी आपोआप होत राहते. शहरात ते होत नाही, म्हणून दर काही शे किलोमीटरांनंतर इंजिनाचा संगणक स्वतःहून सफाई सुरू करतो. तो सिलिंडरमध्ये उशिराने थोडे जास्तीचे डिझेल सोडतो, त्यामुळे फिल्टरमधले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि काजळी जळते. या कामाला सलग दहा ते वीस मिनिटे लागतात. त्याआधीच गाडी घरी पोहोचून बंद झाली तर सफाई अर्धवट राहते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न सुरू होतो.

अशी एक गाडी माझ्याकडे आली ती अजून डोळ्यांसमोर आहे. तीन वर्षे जुनी, १९,००० किलोमीटर चाललेली, आतून अगदी नव्यासारखी, मागच्या सीटवर मुलांच्या दप्तराचे पट्टे अडकलेले. मीटरवर पिवळा दिवा लागून तीन आठवडे झाले होते आणि गाडीला पिकअप राहिला नव्हता. मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होते. ऑइल कमी झालेले नेहमी दिसते, वाढलेले दिसले की पोटात गोळा येतो. दोन बोटांत चोळून पाहिले तर ते पाण्यासारखे पातळ होते आणि त्याला डिझेलचा स्पष्ट वास येत होता. स्कॅनर लावल्यावर दिसले की शेवटची पूर्ण झालेली सफाई १,१०० किलोमीटरांपूर्वीची होती आणि त्यानंतरचे चौदा प्रयत्न मध्येच तुटले होते. प्रत्येक तुटलेल्या प्रयत्नात उशिराने सोडलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळले होते. पेट्रोल ऑइलमध्ये मिसळले तर ऑइल चांगले तापल्यावर त्याची बरीचशी वाफ होऊन जाते, डिझेल मात्र सहजासहजी उडत नाही. अशा पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचे (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचे) आणि क्रँकचे बेअरिंग चालत होते. मालकाने काहीही चुकीचे केले नव्हते. सर्व्हिसिंग वेळेवर होते, चालवणे शांत होते. त्यांना गाडी विकताना एवढेच कोणी विचारले नव्हते की तुमची फेरी किती किलोमीटरची असते.

डीपीएफखेरीज इतर भागांवरही छोट्या फेऱ्यांचा भार पडतो. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह कोमट इंजिनात काजळीने लवकर माखतो आणि पुढे अडकू लागतो. युरिया-पाण्याचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा असेल तर ते द्रावण भरावे लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, उणे ११ अंशांच्या आसपास ते गोठते, आणि टाकी पूर्ण रिकामी झाली तर बहुतेक गाड्या पुन्हा सुरूच होत नाहीत, कारण तशीच रचना नियमाने ठेवलेली असते. हे द्रावण फार महाग नसते. त्याचा पंप आणि सेन्सर मात्र बिघडले की खर्च जाणवतो.

इंधनाच्या शुद्धतेबाबतही आधुनिक डिझेल इंजिन हळवे आहे. प्रवासी गाड्यांत कॉमन रेल तंत्र, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल पुरवण्याची पद्धत, १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ या गाडीत आले तेव्हा रेलमधला दाब १,३५० बारच्या आसपास होता, आज तो २,००० बारच्या पुढे गेला आहे. आपल्या गाडीच्या टायरमधला दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना करावी. इतक्या दाबाच्या इंजेक्टरमधल्या भागांची फट मायक्रॉनमध्ये मोजतात. पाण्याचा अंश किंवा भेसळ तिथे खपत नाही. डिझेल स्वतः त्या पंपाला वंगण पुरवते, म्हणून चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरले गेले तर ते वंगण नाहीसे होते आणि धातूचा कीस सगळ्या इंधनव्यवस्थेत पसरतो. असे कधी झालेच तर गाडी सुरू करू नये, किल्लीसुद्धा फिरवू नये, गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. घरात दोन इंधनांच्या दोन गाड्या असतील तर ही चूक होण्याची शक्यता वाढते.

आता पेट्रोलची बाजूही तितक्याच कठोरपणे तपासली पाहिजे, कारण पेट्रोल इंजिन म्हणजे बिनघोर असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. आजच्या एसयूव्हीतले पेट्रोल इंजिन बहुधा लहान, टर्बो बसवलेले आणि थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे असते. जुन्या रचनेत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जाताना तो धुऊन निघत असे, थेट फवाऱ्याच्या इंजिनात तसे होत नाही आणि व्हॉल्व्हच्या मागे काळा थर साचतो. काही उत्पादक म्हणूनच दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवतात, आणि पर्याय असेल तर असे इंजिन मी पसंत करीन. दुसरा धोका असा की कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांवर) वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर मिश्रण वेळेआधी पेटू शकते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. हे टाळण्यासाठी एपीआय या ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२० पासून एसपी दर्जाची ऑइले आणली. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडीत ऑइलचा दर्जा पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच हवा, आणि छोट्या फेऱ्यांचीच गाडी असेल तर किलोमीटर पूर्ण न होताही वर्षातून एकदा ऑइल बदललेच पाहिजे. काही पेट्रोल गाड्यांतही आता काजळीचा फिल्टर असतो, पण पेट्रोलचा एक्झॉस्ट मुळातच अधिक गरम असल्याने तो तुंबण्याचे प्रमाण फार कमी आहे.

चालवण्याचा अनुभव हा प्रश्नाचा दुसरा मोठा भाग आहे, आणि इथे डिझेलचे पारडे जड आहे. दोन लिटरच्या डिझेल इंजिनाला साधारण ३५० ते ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, मिळतो आणि तो १,७५० आरपीएमच्या आसपासच हाताशी येतो. पाच माणसे, वर टपावर सामान आणि समोर घाट अशा वेळी ही ओढ शब्दशः जाणवते. गिअर खाली न टाकता, इंजिन ओरडू न देता गाडी वर चढत जाते आणि मागच्या सीटवरच्या माणसाची झोप मोडत नाही. दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिनही आज २५० न्यूटन-मीटरच्या आसपास ओढते आणि सपाट रस्त्यावर त्यात काहीच कमी वाटत नाही, पण पूर्ण भरलेल्या गाडीने घाट चढताना ते दोन गिअर खाली उतरते आणि भराभर इंधन पिते. काही इंजिने अशा वेळी आतले तापमान आवरण्यासाठी जास्तीचे पेट्रोलही सोडतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद तर समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे उंचावर नियमित जाणाऱ्याने जड एसयूव्हीसाठी ते घेऊ नये. ट्रेलर ओढायचा असेल तर माझ्या मते चर्चाच नको, डिझेल घ्यावे.

याच बाजूचे एक उदाहरण देतो, कारण फेरीचा नियम दोन्हीकडे लागू पडतो. एका गृहस्थांची वर्षाची धाव जेमतेम ९,००० किलोमीटर होती, म्हणून सर्वांनी त्यांना पेट्रोल सुचवले. त्यांनी सात आसनी टर्बो पेट्रोल घेतली. रोजच्या कामाला ते दुचाकी वापरत. ही गाडी बाहेर निघे ती शनिवार-रविवारी, पूर्ण भरून, दीडशे किलोमीटरच्या डोंगरी वाटेवर. तिला शहरातली छोटी फेरी ठाऊकच नव्हती. लिटरमागे सात किलोमीटरचे मायलेज पाहून ते माझ्याकडे इंजिनात बिघाड शोधायला आले, आणि बिघाड काहीच नव्हता. कमी किलोमीटर असूनही त्यांच्यासाठी डिझेलच योग्य होते, कारण त्यांच्या प्रत्येक फेरीत इंजिन तास-दोन तास पूर्ण गरम राहत होते आणि प्रत्येक फेरी भाराची होती.

पैशांचा हिशेब करताना मी चलन बाजूला ठेवून सगळे पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजतो, म्हणजे भाव बदलले तरी पद्धत बदलत नाही. समजा, एकाच गाडीच्या डिझेल आणि पेट्रोल प्रकारांच्या किमतीतला फरक १,५०० लिटर पेट्रोलच्या किमतीइतका आहे. पेट्रोल गाडी लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल साडेबारा किलोमीटर देते. आपल्या ११,००० किलोमीटरला पेट्रोल १,१०० लिटर लागेल आणि डिझेल ८८० लिटर. दोन्ही इंधनांचा भाव सारखा असेल तर वर्षाला २२० लिटर वाचतील आणि जास्तीची किंमत फिटायला जवळजवळ सात वर्षे लागतील. डिझेल दहा टक्के स्वस्त असेल तर बचत ३०८ लिटरांवर जाते आणि पाच वर्षे पुरतात. उलट डिझेल दहा टक्के महाग असेल तर बचत १३२ लिटरच राहते आणि अकरा वर्षे ओलांडतात. इंधनांच्या भावातला फरक हा या गणिताचा कणा आहे, हे यावरून दिसेल, आणि तो फरक आपल्या हातात नसतो. त्यात डिझेलचा फ्युएल फिल्टर, युरियाचे द्रावण, कर्जावरचे जास्तीचे व्याज आणि विमा यांसाठी वर्षाला ४० लिटरांइतका खर्च धरला तर समान भावाच्या उदाहरणातही सात वर्षांची सव्वाआठ होतात. हेच गणित वर्षाला २५,००० किलोमीटर धावणाऱ्यासाठी केले तर समान भावातही तीन वर्षांत फरक वसूल होतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी: साडेबारा हा आकडा तापलेल्या डिझेल इंजिनाचा आहे. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत, त्यातही अर्धवट राहिलेल्या सफाईत जास्तीचे डिझेल जळत असताना, हा आकडा प्रत्यक्षात भरत नाही. जाहिरातीतले मायलेज तर दोन्ही इंधनांच्या बाबतीत प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचे असते. आपल्यासारख्याच वाटेवर तीच गाडी चालवणाऱ्या एखाद्याला टाकी ते टाकी मोजलेला आकडा विचारावा, तो खरा.

पर्यावरणाबद्दल आपण विचारले नसले तरी लहान मुले असलेल्या घरासाठी तो विषय टाळता येत नाही. डिझेल कमी इंधनात चालते म्हणून कार्बन डायऑक्साइड पुष्कळ कमी, असे सांगितले जाते. एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.७ किलो आणि एक लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण लिटरभर डिझेल वजनाने आणि ऊर्जेनेही भारी असते. वरच्याच उदाहरणात १०० किलोमीटरला डिझेलचे ८ लिटर आणि पेट्रोलचे १० लिटर धरले तर आकडे साधारण २१.५ आणि २३ किलो येतात. फरक आहे, पण मायलेजवरून वाटतो तितका नाही. धुराच्या बाबतीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारण ठरणाऱ्या गटात केला. २०१५ साली फोक्सवॅगनच्या गाड्यांत चाचणी ओळखून उत्सर्जन कमी दाखवणारे सॉफ्टवेअर असल्याचे उघड झाले, आणि त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्या कडक झाल्या. चालू स्थितीतला डीपीएफ असलेली नवी डिझेल गाडी काजळीच्या बाबतीत जुन्या गाडीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. फिल्टर काढून टाकून पोकळ नळी बसवून देणारे लोक भेटतात, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकही त्याला तयार होतो. मी ते काम कधी केले नाही आणि आपणही करून घेऊ नये. आपल्या मागे दुचाकीवर बसलेल्या मुलाच्या छातीत तो धूर जातो.

नियमांची दिशाही डिझेलला अनुकूल नाही. लंडनच्या अत्यल्प उत्सर्जन क्षेत्रात पेट्रोल गाडीला युरो ४ पुरते, डिझेल गाडीला मात्र युरो ६ लागते. इतरही अनेक शहरांत डिझेल गाड्यांवर आधी आणि अधिक कडक निर्बंध आले आहेत. आठ-दहा वर्षांनी आपण गाडी विकायला काढाल तेव्हा आपल्या भागातले नियम काय असतील हे आज सांगता येत नाही, पण ते सैल होतील असे गृहीत धरून डिझेल घेऊ नये.

आपल्या बजेटमध्ये पूर्ण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली, एसयूव्ही बसत असेल तर ती अवश्य पाहावी. थांबत-थांबत चालणाऱ्या वाटेवर तिचे मायलेज डिझेलच्या बरोबरीने किंवा त्याहून चांगले येते, ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते, आणि डीपीएफची चिंता नसते. घाटात पूर्ण भाराने मात्र ती डिझेलसारखी ओढत नाही.

तेव्हा आपल्यासाठी माझा सल्ला: टर्बो पेट्रोल घ्या. आपल्या गाडीच्या महिन्याच्या ९० फेऱ्यांपैकी ८८ फेऱ्या डिझेल इंजिनाला मानवणाऱ्या नाहीत, आणि उरलेल्या दोन फेऱ्यांतला घाट टर्बो पेट्रोल थोडे जास्त पेट्रोल पिऊन, पण बिनतक्रार चढेल. ऑटोमॅटिक हवी असेल आणि वाटेवर गाड्यांची रांग सरकत-सरकत जात असेल तर ड्राय क्लचच्या (ऑइलचा थंडावा नसलेल्या) दुहेरी क्लच गिअरबॉक्सपेक्षा टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा गिअरबॉक्स बरा, कारण सरकत्या रांगेत क्लच तापतो.

शाळेची आणि कार्यालयाची फेरी घरातल्या दुसऱ्या वाहनावर गेली, किंवा बदली होऊन रोज एका बाजूला ३०-४० किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जावे लागले, तर हा सल्ला रद्द समजून डिझेल घ्यावे आणि निःशंक घ्यावे. निर्णयाआधी पंधरा दिवस एका वहीत प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि मिनिटे लिहून पाहा. सलग वीस मिनिटांहून लांब आणि विनाअडथळा अशी फेरी आठवड्यातून किमान एकदा होत नसेल तर डीपीएफवाली गाडी घेऊ नये.

घरच्यांच्या इच्छेने डिझेलच घ्यायचे ठरले, तर काही सवयी आजपासून लावाव्यात. आठवड्यातून एकदा गाडी पंचवीस-तीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर २,००० आरपीएमच्या वर ठेवून चालवावी. गाडी उभी केल्यावर पंखा जोरात फिरत असेल, उभ्या गाडीतल्या इंजिनाचे आरपीएम नेहमीपेक्षा वर असतील आणि गरम वास येत असेल, तर सफाई चालू आहे असे समजून आणखी दहा-पंधरा मिनिटांचा फेरफटका मारावा. काही गाड्या इंधन अगदी तळाला असताना सफाई सुरूच करत नाहीत, म्हणून टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये. ऑइल कमी राख सोडणारेच भरावे, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साचते. महिन्यातून एकदा सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक काढून पाहावी, आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसले तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये.

राहिली चाचणीफेरी. शोरूममधली गाडी आधीच तापवून ठेवलेली असते आणि आत आपण एकटे असता, म्हणून ती फेरी काहीच सांगत नाही. सकाळी पहिल्या वेळेला, इंजिन थंड असताना जा. बॉनेटवर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करा. घरची पाचही माणसे बसवा, शक्य असल्यास डिकीत सामान ठेवा, आणि जवळपासच्या चढावर गाडी एकदा पूर्ण थांबवून पुन्हा उचला. त्यानंतर आई-वडिलांना मागच्या सीटवर आवाज आणि थरथर कशी वाटली हे विचारा. पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही प्रकारांत एकाच सकाळी, एकाच चढावर हे करून पाहा. गाडी हातात आल्यावर टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला इंधनाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले स्टिकर आहे का तेही पाहून घ्या, नसेल तर पहिल्याच दिवशी लावून टाका.